शिडीची हनुवटी

पडद्यावरची बाई पुढे झुकली, गुडघ्यांवर बसली, आणि शिडीने खुर्चीतच उडी मारली. "मी! ही मीच आहे! बघ गं गोटी, माझंच बसणं!"

स्टुडिओतले दिवे मामाने मालवले होते. मामा कार्टून सिनेमे काढायचा. पात्र हलवायचं तर आधी खऱ्या माणसाकडून तसं करून घ्यायचं, त्याचं शूटिंग करायचं, आणि मग ते बघत बघत चित्रं काढायची, ही त्याची पद्धत. गेल्या रविवारी त्याने दोघी भाच्यांना, उंच किडकिडीत शिडीला आणि गोलमटोल गोटीला, बोलावून एकच प्रसंग करायला लावला होता. जंगलात चुकलेलं पोर दिसतं, त्याला जवळ बोलवायचं. पोर म्हणून समोर एक स्टूल होतं.

शिडीने त्या स्टुलावरून जीव ओवाळून टाकला होता. "घाबरू नकोस रे राजा, मी आहे ना," म्हणताना तिचा गळासुद्धा दाटून आला होता. तिच्या मावसबहिणीने, गोटीने, उभ्या उभ्या हात पुढे केला आणि विचारलं, "झालं? जाऊ घरी?" म्हणजे नायिका कोण होणार हे उघडच होतं. शिडी तर अख्ख्या वर्गात सांगून बसली होती.

पण पडद्यावर तिच्या अंगात लांब काळा झगा होता. हनुवटी टोकदार, भुवया वर चढलेल्या. बोटं तर संपतच नव्हती. समोरचं पोर एकेक पाऊल मागे सरकत होतं.

"मामा, हा मागे का जातोय?"

"जाईल नाही तर काय! चेटकीण आहे ती." मामा भलताच खुशीत होता. "काय वाकलीस गं तू! आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला."

"पण मी प्रेमाने वाकले होते."

"म्हणून तर!"

पुढचं दृश्य आलं. गुलाबी फ्रॉक, फुगलेले गाल, बशीएवढे डोळे. तिने उभ्या उभ्या हात पुढे केला आणि तेच पोर धावत जाऊन तिला बिलगलं.

"अय्या, ही मी?" गोटी म्हणाली. "मला तर तेव्हा नुसती भूक लागली होती."

शिडी हसली. मग थांबली. "मामा, पुरे झाली थट्टा. आमची दोघींची अदलाबदल केलीस ना?"

"अगं, गोल दिसलं की माणसं विश्वास टाकतात, टोक दिसलं की बिचकतात. मी थोडंच ठरवलंय?" मामाने कागदावर एक गोळा काढला, शेजारी एक त्रिकोण. "तूच सांग, कुणाच्या मांडीवर बसशील?"

शिडीचं बोट सरळ गोळ्यावर गेलं. गेलं आणि ती स्वतःवरच चिडली.

"आणि चेटकीण खरंच त्याला घरी सोडायला आली असेल तर?"

मामा विचारात पडला. "मग हनुवटी कापावी लागेल."

"परत लाव."

त्याने परत लावलं. आवाज नव्हताच. राजा नाही, दाटलेला गळा नाही. नुसती एक उंच बाई पोराकडे हात लांबवत होती. पुन्हा पुन्हा बघताना शिडीच्याच मनात येऊन गेलं, पळ रे, पळ! तिला काही सुधरेना. सोमवारी शाळेत काय सांगायचं? आणि त्या दिवशी आपल्या पोटात नक्की मायाच होती ना?

"चल, ऊठ. शेवटचा शॉट हवाय तुझा," मामा स्टूल ओढत म्हणाला. "चेटकीण त्याला पकडते."

शिडीला राग आलाच होता. म्हटलं, बघाच आता. तिने दात खाल्ले, डोळे वटारले आणि स्टुलावर झडपच घातली.

"नको, नको, नको!" मामाने कॅमेरा बंद केला. "हे अगदीच बिचारं वाटतंय गं. याला कोण घाबरणार? वाईट नको वागूस. त्या दिवशीसारखं, अगदी मनापासून, प्रेमाने बोलाव त्याला."

शिडी स्टुलासमोर गुडघ्यांवर बसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. हात पुढे गेला. चेहऱ्याचं काय करायचं, ते मात्र तिला कळेना.