दुपारचा डाव

"जोरात दाबून काही होत नाही, बाबा. बोट हलकेच ठेवायचं."

औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर मुलीने दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवले होते. एक तिचा, एक वडिलांचा. दोन्हींवर बॅकगॅमन या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा पट उघडा होता. उद्या ती नोकरीच्या गावी परतणार होती. त्याआधी वडिलांना ऑनलाइन खेळता आलंच पाहिजे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. हा खेळ तिला त्यांनीच शिकवला होता. याच काउंटरवर, गिऱ्हाईक नसताना.

"मी तिकडून आमंत्रण पाठवीन. टिंग वाजलं की हिरवं बटण दाबा. मग या फाशांवर बोट ठेवलं की फासे पडतात. पडतील तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची. बास."

"फासेसुद्धा फोनच टाकणार? मग मी काय टाळ्या वाजवू?"

मुलगी हसली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली आईही हसली. आई अलीकडे रोजच दुकानात येऊन बसायची. घरी भिंतींशी किती बोलू, म्हणायची.

फासे पडले. पाच आणि तीन. वडिलांनी काळी सोंगटी उचलली आणि मागे नेली. सोंगटी थरथरली, आपल्या जागी परत आली. त्यांनी पुन्हा मागे नेली. ती पुन्हा परत.

"हा फोन डोक्यावर पडलाय."

"बाबा, काळ्यांनी तिकडे जायचं. तुम्ही उलटं नेताय."

"ठमे, मला शिकवतेस? तुला सोंगटी धरायला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणते." ती हसत होती, पण आवाज हळू झाला होता. "चुकीची चाल तो घेतच नाही, बाबा. एवढं तरी बरं आहे त्याचं."

वडील पटाकडे बघत राहिले. कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं, हेच त्यांना आठवत नव्हतं, हे तिला दिसलं. मान वर करून तिने आईकडे पाहिलं. आई रस्त्याकडे बघत होती.

तेवढ्यात एक बाई घाईघाईने आत आली. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. थेंब संपलेत."

वडील उठले. दुकानाच्या कामात त्यांचे हात लगेच मोकळे झाले. चिठ्ठीवर नजर टाकली, वळले, ड्रॉवर ओढला, एक छोटं खोकं काढून पिशवीत घातलं. सगळं कसं झरझर, नेहमीसारखं. मुलीचा जीव भांड्यात पडला.

"ताई, एक मिनिट हं." आई स्टुलावरून उठली होती. तिने पिशवीतून खोकं काढून बाईपुढे धरलं. "यावर काय लिहिलंय, जरा मोठ्यानं वाचता का? माझा चष्मा घरी राहिला."

बाईने वाचलं. नाव वाचलं, कंपनी वाचली. मग थबकली. "कानात घालण्यासाठी, असं लिहिलंय."

"हं. मग हे नव्हे. अहो, डोळ्याचे द्या. खालच्या ड्रॉवरमधले."

"तेच तर काढत होतो," वडील म्हणाले आणि खालचा ड्रॉवर ओढला. आईने तेही खोकं बाईकडून वाचून घेतलं. बाई आभार मानून गेली.

आईचा चष्मा तिच्या गळ्यातच लटकत होता.

मुलीने तिला दंडाला धरून मागच्या बाजूला नेलं, खोक्यांच्या थप्पीआड.

"आई, कधीपासून चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"आई!"

"हळू बोल. त्यांना ऐकू जातं." आईने पदराने काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "माझे डोळे सध्या काही कामाचे नाहीत. बारीक अक्षर दिसतच नाही. मग गिऱ्हाइकाकडूनच वाचून घेते. माणसं वाचतात गं. म्हाताऱ्या बाईला कोण नाही म्हणतंय?"

"आणि ज्याला वाचता येत नाही, तो आला म्हणजे?"

आईने नजर खोक्यांकडे वळवली.

"आला होता?"

खोक्यावरचा चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा आई अंगठ्याने दाबत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद केलं असतंस. इथून उठवलं की ते किती दिवस राहतील, सांग मला."

बाहेरून वडिलांची हाक आली. "ठमे! तुझी चाल आहे का माझी?"

मुलगी बाहेर आली. वडिलांकडे न बघता दुकानाच्या दारापाशी गेली, दोन्ही हातांनी शटर धरलं आणि खाली ओढलं.

"अगं, भर दुपारी शटर काय लावतेस?"

"आपल्याला नीट खेळता येत नाही, बाबा. सारखं कुणीतरी येतं. एक डाव पुरा करू."

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. तिने त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं, त्यांचं बोट धरून काळ्या सोंगटीवर ठेवलं आणि योग्य दिशेने सरकवलं. या वेळी सोंगटी तिथेच राहिली.

"बघ, जमलं," वडील म्हणाले.

बाहेरून शटरवर थाप पडली. थोडं थांबून पुन्हा. कुणीतरी हाकही मारली, शब्द कळले नाहीत.

वडील उठायला लागले. मुलीने त्यांची बाही घट्ट धरली आणि आईकडे पाहिलं. आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग भिंत चाचपत बटणापाशी गेली आणि तिने दिवा मालवला.

अंधारात फक्त वडिलांचा चेहरा उरला, मोबाइलच्या उजेडात निळसर. थाप पुन्हा पडली.

"अरे, उघडा," ते म्हणाले. "कुणीतरी आजारी असेल."