छत्तिसावा नट

छत्तिसावा नट बिरदेवच्या हातातच राहिला.

"दे की," राजमहंमद मिस्त्री म्हणाले. साखर कारखान्याच्या टर्बाइनवर झाकण बसलं होतं. पस्तीस नट चढवून झाले होते. शेवटच्यासाठी त्यांनी हात मागं पसरला होता.

"मिस्त्री, हा आपला न्हाय."

"आपला न्हाय म्हंजे? मग कुणाचा हाय?"

"ते म्हाईत न्हाय. पाव्हणा हाय."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. जिन्याच्या पायथ्याशी इंजिनियर मानसिंगसाहेब घड्याळ बघत उभे होते. शहाण्णव सालचा ऑक्टोबर चालू होता. चार दिवसांवर गळीत हंगाम आला होता. दुपारी तीनला वाफ सोडून टर्बाइन फिरवून बघायचं होतं.

सकाळी मिस्त्रींनी नट मोजले होते, तेव्हा पस्तीसच भरले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गुडघे टेकून शोधाशोध केली, आणि छत्तिसावा बाकाखाली भिंतीकडेला सापडला. घरंगळला असणार. त्यांनी तो पुसला, ट्रेमध्ये टाकला, पुन्हा मोजलं, वहीत 'छत्तीस' लिहून सही केली आणि मगच झाकण खाली घेतलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोजल्याशिवाय एकही झाकण बसवलं नव्हतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्या दिवशी तेवढं एकच सांगत.

बिरदेव मात्र मोजत नसे. पोरगं मोरगावकडचं, आयटीआय करून वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून आलेलं. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी त्याला वॉशर मोजायला सांगितले. त्यानं ढिगाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हायत सगळं."

"किती हायत?"

"म्हाईत न्हाय. पर सगळं हायत."

"तुझ्या बापानं मेंढरं अशीच राखली व्हय रं?"

"व्हय. आमच्यात मेंढरं मोजत न्हायीत. मोजली की कमी व्हत्यात."

"मग हरवल्यालं कळतं कसं?"

"दिसतं की."

मिस्त्रींनी त्या महिन्याच्या शेऱ्यात 'मोजत नाही' असं लिहिलं. पुढचे दहा महिनेही तेच लिहिलं. आज त्याचं वर्ष संपत होतं. चार उमेदवारांतला एक कायम होणार होता आणि साहेबांनी संध्याकाळपर्यंत चौघांच्या शेऱ्यांच्या वह्या मागितल्या होत्या. बिरदेवच्या बापानं मेंढरं दोन वर्षांपूर्वीच विकली होती. परत जाऊन राखायला काही उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी नट त्याच्या हातातून घेतला आणि बोल्टवर फिरवला. नट सरसर खाली गेला.

"बघ. आटं बसलं का न्हाय?"

"बसंल की. परकं मेंढरूबी कळपात गप उभं ऱ्हातं."

"कशावरनं म्हणतोस?"

"तीन आठवडं हे नट घासलेटात मीच धुतोय, मिस्त्री. ह्याचं तोंड मी बघितल्यालं न्हाय."

"नटाला तोंड असतं व्हय?"

बिरदेवला ते विचारण्यासारखं वाटलं नसावं.

"मग आपला कुठं हाय?"

"ते म्हाईत न्हाय. पर हितं न्हाय."

मिस्त्रींनी झाकणाकडं पाहिलं. तीन आठवडे टर्बाइन उघडं होतं आणि नटांचा ट्रे त्याच्या काठावरच असायचा. मग ते जिना उतरून खाली गेले.

"साहेब, झाकण उघडायचंय."

"का?"

"एक नट कमी हाय."

साहेबांनी मोजणीची वही मागवली. "छत्तीस लिहिलेत तुम्ही. खाली तुमचीच सही आहे."

"व्हय. मोजणी बरोबर हाय."

"मग?"

"एक नट कमी हाय."

साहेबांनी आधी मिस्त्रींकडं आणि मग वर उभ्या असलेल्या बिरदेवकडं पाहिलं. "उघडा. पण आत काही निघालं नाही, तर संध्याकाळी पोराच्या वहीबरोबर तुमचा खुलासाही माझ्या टेबलावर पाहिजे."

नट काढून चेन-ब्लॉकनं झाकण उचलायला दोन तास गेले. आठ माणसं लागली. त्यातले दोघे म्हणाले की, मिस्त्रींनी आता रिटायर व्हावं. ते ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

मिस्त्री बॅटरी घेऊन आत वाकले. चाकाच्या खाली, दोन पात्यांच्या मधे, नट पडला होता. टर्बाइनचं चाक मिनिटाला पाच हजार फेरे घेतं. ते फिरलं असतं तर पात्यांचे तुकडे झाले असते. आठही जण चहाला गेले.

मिस्त्रींनी दोरीला लोहचुंबक बांधून नट वर काढला आणि बिरदेवच्या तळहातावर ठेवला.

"हा आपला," बिरदेव म्हणाला आणि घासलेटाचा डबा शोधायला लागला.

संध्याकाळी मिस्त्रींनी त्याची वही उघडली. अकरा ओळींत एकच शेरा होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांनी पेन झटकलं आणि बाराव्या ओळीतही तेच दोन शब्द लिहिले. वही मिटता मिटता थांबले, पुन्हा उघडली आणि पुढं आणखी थोडं लिहून खाली सही केली.

मानसिंगसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली.

'मोजत नाही. म्हणून कायम करावा.'