रिकामं घर घुमतं

एजंटकाका कुठल्याही रिकाम्या घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. "याच गल्ल्यांत केस पांढरे झालेत माझे. रिकामं घर घुमतं. नाही घुमलं, तर आपण दुसरं बघायचं."

दुसरं बघायला वेळ कुणाला होता? जुनं घर उद्या सोडायचं होतं आणि बायकोला नववा लागला होता.

हॉलमध्ये टाळी खणखणीत घुमली. स्वयंपाकघरातही घुमली. बेडरूममध्ये मात्र गादीवर उशी पडावी तशी जागच्या जागी विरली. खोलीत साधी खुर्चीसुद्धा नव्हती.

"भरलेली आहे. चला," काका म्हणाले.

"मग भाडं वाटून घेऊ की त्यांच्याशी!" मी म्हटलं.

काका हसले नाहीत. सरळ जिन्यात जाऊन उभे राहिले. बायको डोळे वटारून हॉलमध्ये गेली. मी एकटाच मागे थांबलो आणि ऐटीत टाळी वाजवली.

छान घुमली.

"झाली बघ रिकामी! घेतलं घर!" मी बेडरूममधूनच ओरडलो.

हॉलमधून बायकोचा आवाज आला, जराही न घुमता.

"अरे, सरक ना थोडा. किती चिकटून उभा राहतोस!"