वाफा क्रमांक चार

ताटांना कणसंच नव्हती.

मुजावर सर बांधावरच थबकले. मंद्रूपच्या शिवारात चहूकडे ज्वारी हुरड्यात आलेली, कणसांनी वाकलेली. मधला हा वाफा तेवढा बोडका. कणसाकणसावर बांधलेल्या कागदी पिशव्या सऱ्यांमध्ये पडल्या होत्या.

"सोयीस्कर," सर म्हणाले. "मी मोजायला येतो आणि आजच कापणी?"

"सर, मला खरंच काही—" त्यांचा विद्यार्थी विरुपाक्ष बोलू लागला.

सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून प्रबंधाचं पान काढलं. विरुपाक्षानेच टाइप करून दिलेलं.

वाफा क्र. ४. जानेवारी १९७५.
एकूण झाडे : ११६.
बिनकुसळी कणसे : ८७.
कुसळी कणसे : २९.
मार्गदर्शकाची सही :

"बरोब्बर चौथा हिस्सा. एक झाड इकडं नाही की तिकडं नाही. असं पुस्तकात येतं, विरुपाक्षा. शेतात येत नाही." सरांनी पानाची घडी घातली. "मागं एकानं असेच आकडे दिले, मी सही केली. परीक्षकांनी भर सभेत विचारलं, डॉक्टर, हे पीक शेतात आलं की टेबलावर?"

महिनाअखेर नोंदणीची मुदत संपत होती. पाच वर्षं झाली होती. दोन दुष्काळाने खाल्ली, तीन या वाफ्यात गेली. सही नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर सोलापूरच्या कॉलेजातली हंगामी नोकरीही नाही.

"आलासा व्हय, सायेब?"

वाफ्याच्या टोकाला आगटी धुमसत होती. तिथून काशम्मा परात घेऊन आली. विरुपाक्षाची आई. कणसं चोळून तिचे तळवे काळे झाले होते.

"ह्येनं कार्डात लिवलं हुतं की, सर शेत बगाया येनार. म्हनलं, पिशवीतल्या कनसाला पाखरू शिवलं न्हाय. गुरूला पाखराचं उष्टं कसं द्यायचं? दिस उगवायच्या आत समदी तोडली. निम्मी भाजली, निम्मी गल्लीत वाटली. तगोरी, घ्या की!" तिने सरांच्या ओंजळीत वाफाळता हुरडा ओतला.

वाफा क्र. ४.
एकूण कणसे : ०.

आई, तू माझी पाच वर्षं भाजलीस. शब्द विरुपाक्षाच्या ओठांपर्यंत आले. त्याने तिच्या तळव्यांकडे पाहिलं आणि ते गिळले.

"पुरावा गावाच्या पोटात गेला," सर हळूच म्हणाले. "मग मी सही कशावर करू?"

"तुमच्या मनाला पटत नसेल तर करू नका, सर."

"अरं, सायबाला खाऊ दे की आदी! सही कुटं पळून जातीया?"

सरांनी चिमूट तोंडात टाकली. चघळता चघळता थांबले. उरलेला हुरडा त्यांनी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला, फुंकर मारली, पुन्हा पाहिला.

"आक्का, यात एकही कुसळ नाही."

"कुसळाची पावन्याला देत्यात व्हय? घशात टोचतंय. ती वायली काडली आन् म्हशीपुडं टाकली."

"किती होती?"

विरुपाक्ष पुढे झाला. "सर, तिला काय—"

"तू गप. तिकडं तोंड कर."

त्याने तोंड फिरवलं. समोर एकशे सोळा बोडकी ताटं. मागे आगटीची तडतड. कुसळी कणसांचा आकडा त्याने आईला कधी सांगितला नव्हता. सांगून काय कळणार होतं? शाळेची पायरी तिने पाहिली नव्हती. कडबा बांधताना पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, एवढीच तिची मोजणी. आता म्हणेल, लई व्हती.

"आठवतंय का, आक्का? अंदाजे सांगितलं तरी चालेल."

"अंदाज कशाला? टाकताना मोजली की," काशम्मा म्हणाली. "सा पाचुंदं भरतील म्हनलं, सायेब. पर एक कनीस कमी पडलं."