झाडाखालचा नंदीश

"गेमचं यंत्र वेडं असतंय, काकू," लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारची युसरा म्हणाली. "कंपनीनं हा गेम कधीच बंद केलाय, तरी ते जुनाच पत्ता विचारतंय. आता तुमचा लॅपटॉप मधीच सांगंल, तिकडं कशाला जातो, गेम इथं हाय. ह्याला डीएनएस प्रॉक्सी म्हणतात."

उमादेवींना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की नंदीशनं गेममधून का होईना, आईशी बोलावं. "खेळून पोट भरत असंल तर नीघ," असं दोन वर्षांपूर्वी बाप म्हणाला आणि पोरगं खरंच निघालं. फोन नंबरही बदलला. मुरुम गावच्या अडतीत शरणबसप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती घरातही तशीच उमटली.

नंदीशच्या कपाटात हातात धरून खेळायची दोन यंत्रं निघाली. युसरानं दोन्हींत लॅपटॉपचा पत्ता घातला. एकाची काच तडकली होती.

"हे भंगारात घालतो," म्हणत शरणबसप्पांनी ते उचललं.

"युसरा, त्यांना म्हणावं चहा झालाय," उमादेवी म्हणाल्या. नवरा हातभर अंतरावर उभा होता.

बाहेरून कसं यायचं ते युसरानं नंदीशला ईमेलवर कळवलं. उत्तर आलं नाही. संध्याकाळी नवरा दार लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसला, की उमादेवी गेममधल्या झाडाखाली जाऊन थांबायच्या. जीव थाऱ्यावर नसायचा. चुलीवर भाकरी करपायची, त्या उठायच्या, पुन्हा येऊन बसायच्या.

आणि एका संध्याकाळी नंदीश आला. झाडाखाली येऊन थांबला. मग अडखळत एकेक शब्द उमटला. जेवलीस? गुडघा कसाय?

गुडघा यंदाच्या थंडीपासून धरला होता. उमादेवींनी लिहिलं, बराय.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. उमादेवींच्या चेहऱ्यावर तजेला आला. युसराला आपल्या कारागिरीचा केवढा अभिमान वाटला.

पुढं उमरग्याकडं रस्त्याच्या कामात इंटरनेटची केबल तुटली. दोन दिवस वाट पाहून युसरा धावत आली. पूजेच्या खोलीचं दार बंद होतं.

"काकू, परवापासून सगळ्या मुरुमची लाइन गेलीय. नंदीश दिसला न्हाय म्हणून जिवाला घोर लावू नका."

"काल आला की. गुडघ्याला तेल लाव म्हणाला."

युसरानं लॅपटॉपकडं पाहिलं. "कसं येईल? लाइन नसली की बाहेरचं कुणी येऊच शकत न्हाय. फक्त ह्या घरातलं दुसरं यंत्र..." तिची नजर बंद दाराकडं गेली.

उमादेवींनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"लाइन गेल्याचं ह्यांना कळू देऊ नको, बाई. पोराच्या नावानं का होईना, दोन वर्षांनी माझ्याशी बोलायलेत."