उद्या या

"उद्या या," लक्ष्मीकांत म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा लिहायला लागला.

"आज सव्वीस तारीख!" शामलाने टेबलावर हात आपटला. "परवा अठ्ठावीस. तोवर कागद दाखवला नाही, तर पहिल्या तारखेला मला जबलपूरला हजर व्हावं लागेल. आणि जबलपुरात कोण आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. अख्ख्या कचेरीला माहीत होतं. जबलपुरात शामलाचा नवरा होता. म्हणजे आता नव्हता; त्याने तिकडे गुपचूप दुसरा संसार थाटला, म्हणून ग्वाल्हेरच्या याच कोर्टाने तिला दीड वर्षापूर्वी घटस्फोट दिला होता. पण शाळाखात्याला हे कोण सांगणार? मध्य भारत गेलं, मध्य प्रदेश आलं, नव्या साहेबांना मास्तरणींचा कळवळा आला. बायकांनी नवऱ्यापासून लांब का राहावं? जुन्या सेवापुस्तकात शामलाच्या नवऱ्याचा पत्ता जबलपूरचा. झाली बदली! दया म्हणून. घटस्फोटाच्या हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल दाखवली, तरच ती थांबणार होती.

आता लक्ष्मीकांतबद्दल. नकला देणारा कारकून. वय अडतीस, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, घरी म्हातारी आई. कचेरीच्या दारावरची पाटी तीनदा रंगवली गेली, दप्तरं तीनदा बांधली-सोडली गेली, पण कुठला दावा कुठल्या फळीवर आहे ते याला झोपेतसुद्धा सांगता येई. सकाळी अर्ज द्यावा, संध्याकाळी नक्कल न्यावी. मुरारचा एक म्हातारा तर पणजोबांच्या विहिरीच्या भांडणाचा निकाल दोन तासांत घेऊन गेला. शामलाच्या डोळ्यांदेखत!

तिलाच मेलं रोज "उद्या या". सात वेळा उद्या, आणि शनिवारी परवा.

बरं, माणूस उद्धट म्हणावा तर तेही नाही. थंडीचे दिवस, म्हणून तिची खुर्ची रोज उन्हात मांडलेली असायची. शिपाई दौलतसिंह न सांगता चहा आणायचा. आणि लक्ष्मीकांत रोज टाक बुडवून एखादा प्रश्न विचारायचा.

"कांदा-लसूण चालतं का?"

"चालतं."

"वडीलधाऱ्या माणसांशी पटतं?"

"त्यांनी पटवून घेतलं तर पटतं."

"मुक्काम माधवगंजातच कायम ठेवायचा विचार आहे, की गावात दुसरीकडेही चालेल?"

शामला निमूट उत्तरं द्यायची. संस्थानचा फॉर्म वेगळा, मध्य भारताचा वेगळा, आता या भोपाळवाल्यांचा आणखी वेगळा. ज्याने तीन सरकारं पाहिली, त्याला कुठल्याच प्रश्नाचं नवल वाटत नाही. एकदा तर त्याने "गाण्याची आवड?" असंही विचारलं, आणि तिने "ऐकण्याची आहे, म्हणण्याची नाही" असं अगदी गंभीरपणे लिहून दिलं.

सत्तावीसला ती आली ती पदर खोचूनच. "आज नक्कल मिळाली नाही, तर मी इथून हलणार नाही. बदलीचा हुकूम घेऊन पोलीस आले तरी!"

लक्ष्मीकांतने कपाळावरचा घाम पुसला. नोव्हेंबरात! मग त्याने खण उघडला आणि नक्कल पुढे केली. शिक्का स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. शामलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुटले एकदाची, तिला वाटलं. तिने सवयीने कागद उलटा करून पाहिला. मास्तरीणच ती, मागची बाजू तपासल्याशिवाय वही सोडत नाही.

मागे, सगळ्या नकलांवर असतात, तशा तीन तारखा होत्या.

अर्ज आला : अठरा नोव्हेंबर.
नक्कल तयार : अठरा नोव्हेंबर.
नक्कल दिली : सत्तावीस नोव्हेंबर.

शामलाने त्या दोनदा वाचल्या. मग वर पाहिलं. लक्ष्मीकांतचे कान लालबुंद झाले होते.

"नऊ दिवस! नऊ दिवस ही या खणात होती?"

"होती."

"माझ्या जिवाला घोर लागला होता, कळतंय का तुम्हाला? रात्र रात्र झोप नाही मला!"

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "अठ्ठाविसाच्या पुढे जाऊ दिली नसती. आईची शपथ."

"मग ही तारीख तरी बदलायची! मला काही कळलं नसतं."

"छे, छे," तो दचकून म्हणाला. "सरकारी कागदावर खोटं कसं लिहिणार?"

दौलतसिंह दारात तोंड फिरवून खोकला. "बहनजी, कसम से, असा आदमी नाही मिळणार. माताजी रोज विचारतात, आज आली होती का म्हणून."

कांदा-लसूण. वडीलधारी माणसं. गाण्याची आवड. शामलाच्या डोक्यात एकेक रकाना भरत गेला. तिने राग धरून ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ओठ काही ऐकेनात.

"आणखी काही विचारायचं राहिलंय?"

"एकच. पण ते... फॉर्ममध्ये नाही."

"मग लेखी अर्ज द्या."

लक्ष्मीकांतने पुन्हा खण उघडला. अर्ज तयारच होता. चार ओळी, खाली सही, तारीख अठरा नोव्हेंबर. तिने तो उभ्यानेच वाचला, नकलेबरोबर घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चपला सरकवत दाराशी गेली.

"अहो, पण उत्तर?" लक्ष्मीकांत खुर्चीतून अर्धवट उठला. "उत्तर कधी मिळेल?"

शामला वळली.

"माधवगंज, दत्तमंदिराच्या मागे, दुसरं घर," ती म्हणाली. "उद्या या."