ओटीचा नारळ

"मावशी, चपला नाही काढायच्या. फक्त फोन ट्रेमध्ये," जयेश म्हणाला आणि मग स्वतःच हसला. "तुमचा तर माझ्याकडेच आहे."

अलकनंदाने मान हलवली. रांग दोन पावलं सरकली. पुढे सुरक्षा तपासणीचा पट्टा दिसत होता आणि त्यावरून पिशव्या एकेक करून मशीनच्या तोंडात जात होत्या.

"स्वरूपाला एक फोन करू दे ना," ती म्हणाली.

"घरून निघून तास नाही झाला, मावशी. अनुराग आहे तिच्याजवळ. तुम्ही विमानात बसेपर्यंत हलणार नाही तो."

स्वरूपा तिची मुलगी. मागच्या आठवड्यात दिल्लीत, मुनिरकाच्या घराच्या जिन्यावरून पडली आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर लागलं. त्यामुळे पुण्याला भाचीच्या डोहाळजेवणाला अलकनंदा एकटीच निघाली होती. जयेश त्यांचा भाडेकरू, चार महिन्यांपूर्वी वरच्या खोलीत आलेला; अनुराग त्याचा मित्र. त्याचं विमान लखनौचं होतं, पण याच टर्मिनलवरून, जवळजवळ याच वेळी. तिची बॅग घरापासून त्यानेच उचलली होती, तिला हात लावू दिला नव्हता.

"एवढं काय बघताय? तुमच्या वयाच्या बायकांना कोण अडवतं?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्या आईची बॅग परवा कोणी बघितलीसुद्धा नाही."

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

"अच्छा. टीचर जागी झाली."

एकतीस वर्षं तिने पहाडगंजच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. हे वाक्य प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यायला लावायची.

पट्ट्याजवळचा जवान जयेशला म्हणाला, "फोन ट्रे में."

"हातात धरला तर नहीं चलेगा?" जयेशने अर्धं मराठी, अर्धं हिंदी करून विचारलं.

"ट्रे में, भाईसाहब."

जयेशने दोन्ही फोन ट्रेमध्ये ठेवले. त्यामागे अलकनंदाची बॅग ठेवली, आडवी होणार नाही अशी बेताने. फोन मशीनमध्ये दिसेनासे होईपर्यंत अलकनंदा पाहत राहिली.

बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड एक तरुण शिपाई बाई होती. "हाथ ऊपर, आंटी. पहली बार जा रही हैं?"

"नहीं." अलकनंदाने पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. रांगेतली माणसं आपापल्या पिशव्यांकडे बघत होती, जयेश मात्र पडद्याकडेच. "बेटा, मेरा बैग ज़रा ठीक से देखना."

"सबका ठीक से देखते हैं, आंटी. कुछ चोरी नहीं होता यहाँ." तिने बोर्डिंग पासवर शिक्का मारला. "चलिए."

बाहेर पट्टा थांबला होता. मशीनवरच्या माणसाने काहीतरी खूण केली आणि तिची बॅग बाजूच्या टेबलावर आली.

"ये किसका है?"

"मेरा," अलकनंदा पटकन पुढे झाली.

जवानाने चेन उघडली. अगदी वर, साडीच्या घडीवर, शेंडीचा नारळ होता.

जयेश एव्हाना पलीकडून आला होता, एक हात अजून ट्रेच्या दिशेने. नारळ पाहून त्याचा चेहरा ताठ झाला. "मावशी, हा कधी ठेवलात?"

"डोहाळजेवण आहे. ओटी भरायला नारळ नको? रिकाम्या हाताने जायचं का?"

"माताजी, नारियल अलाउड नहीं है," जवान म्हणाला. "तेल होता है इसमें, आग पकड़ता है."

"तो निकाल लो. और भी सामान है, वो भी देख लो. सब निकालकर देखो, मुझे जल्दी नहीं है."

जवानाने साडीची एक कड उचलली. खाली स्टीलच्या डब्याचं झाकण चमकलं. "इसमें क्या है?"

"लड्डू, सर," जयेश म्हणाला. "मौसी के हाथ के."

"फिर तो खोलना नहीं चाहिए. ड्यूटी पर मन डोल जाएगा."

"खोलो ना, बेटा," अलकनंदा म्हणाली. "खाकर देखो."

जवान हसला. त्याने अदबीने हात जोडले. "आपने कह दिया, हमें मिल गया." मागून कोणीतरी ओरडलं, लाइन बढ़ाओ. त्याने साडी सारखी केली, चेन ओढली आणि नारळ टेबलाखालच्या टोपलीत टाकला. तिथे बरेच नारळ होते, आणि काही लायटर.

जयेशने फोन उचलून कानाला लावला. "हो, झालं. नाही, नारळ घेतला फक्त." मग बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसवला. "स्वरूपा ठीक आहे. चला, तुम्हाला गेटपर्यंत सोडतो, मग माझं बघतो."

अलकनंदा चालू लागली. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाताना इथेच तिच्या बॅगेत नारळ निघाला होता. तेव्हाच्या जवानाने साड्यांच्या घड्या मोडल्या होत्या, चिवड्याच्या डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं होतं. एक निरीक्षण. आज सकाळी जयेश टॅक्सी बघायला खाली उतरला, अनुराग स्वरूपाच्या खोलीला बाहेरून कडी घालून दारात खुर्ची टाकून बसला होता, तेव्हा देवाला नमस्कार करते म्हणून ती आत गेली आणि देव्हाऱ्यातला नारळ पदराआड आणून बॅगेत ठेवला; जयेशने दिलेल्या, आत काय आहे ते विचारायचं नाही असं बजावलेल्या डब्याच्या बरोबर वर.